पाटल्या सोडवायच्या राहिल्या

पत्र, थोडक्यात आणि ओळख लपवून:

कळव्याला राहणारे एक गृहस्थ, वय ३९, महाप्याच्या एमआयडीसीत नोकरी. मूळ घर नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना आईने आपल्या चार तोळ्यांच्या पाटल्या यांच्याकडे सांभाळायला दिल्या. शेअर बाजारात ऑप्शनच्या (भाव चढेल की उतरेल यावर पैसे लावायच्या) व्यवहारात तोटा झाला, तेव्हा यांनी त्या गहाण टाकल्या. व्याज थकलं, पाटल्यांचा लिलाव झाला. आईला आणि बहिणीला याचा पत्ता नाही. पाटल्या नातीला, म्हणजे बहिणीच्या मुलीला द्यायच्या असं आईने कधीचं ठरवलंय, आणि तिचं लग्न येत्या डिसेंबरात आहे. बायकोला सगळं माहीत आहे. तिचं म्हणणं, तशाच दुसऱ्या घडवून घेऊ, म्हातारीच्या जिवाला घोर नको. चर्चच्या पाळकसाहेबांना यांनी 'एका मित्राची गोष्ट' म्हणून विचारलं. ते म्हणाले, पश्चात्ताप केला की देव क्षमा करतो, विषय संपला. यांचा विषय मात्र संपलेला नाही. आठ महिने चर्चमध्ये प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस) घेतलेलं नाही. आता तर भक्तीला जातो सांगून निघतात आणि तलावपाळीवर बसून राहतात. दुपारी जेवताना आई विचारते, "आज वचन कुठलं होतं रे?" मग मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बघून सांगतात.

त्यांचे प्रश्न असे: "देवाचं प्रेम बदलत नाही हे संडे स्कूलपासून ऐकत आलोय. माझ्या बाबतीतही ते खरं आहे का? आधी पाटल्या परत आणतो आणि मग देवासमोर उभा राहतो, यात काय चुकतं? आणि आईला सांगू का?"

*

तुमच्या पत्रात एक वाक्य कंसात आहे. "(कामावरून येताना कधी कधी घराकडे न वळता तसाच पुढे कळवा पुलावर जातो, गाडी लावून थांबतो.)" लोक खरं काय ते बऱ्याचदा कंसात लिहितात, म्हणून मी कंस आधी वाचते. तुम्ही तिथे नुसती हवा खायला थांबत असाल तर माझी काळजी फुकट गेली, आनंद आहे. पण मनात दुसरं काही येत असेल तर हे पत्र इथेच बाजूला ठेवा आणि १४४१६ हा नंबर फिरवा. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री कधीही लागते आणि मराठीत बोलता येतं. आणि आज रात्रीच बायकोला सांगा की मी पुलावर थांबतो. पाटल्यांचं तिला माहीत आहे. हे माहीत नसावं असं वाटतं.

आता तुमचा मधला प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे दोन त्यालाच टांगलेले आहेत.

"आधी पाटल्या परत आणतो, मग देवासमोर उभा राहतो." ऐकायला हे किती सरळ वाटतं! जबाबदार माणसाचं बोलणं वाटतं. पण पत्रात दोन परिच्छेद खाली तुम्ही लिहिलंय की अजूनही महिन्याला थोडे पैसे ऑप्शनमध्ये टाकता, कारण "एकदा मोठा ट्रेड लागला की सगळं एका फटक्यात फिटेल". ही दोन वाक्यं तुम्हाला वेगवेगळी वाटतात. मला ती एकच वाटतात. एक मोठा डाव, त्यात सगळा हिशोब चुकता, आणि मग ताठ मानेने घरी. बाजारातही तेच आणि देवाच्या दारातही तेच.

बाजाराचं उत्तर आकड्यांत आहे, म्हणून ते लवकर देता येतं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या तुमच्या-माझ्यासारख्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर होता. तुम्ही त्या उरलेल्या सात टक्क्यांत जाण्याची वाट बघताय, तीही आईच्या पाटल्यांसाठी. आजच ब्रोकरला लिहून डेरिव्हेटिव्हचा, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शनचा, सेगमेंट बंद करून घ्या. ॲप काढून टाकणं पुरत नाही, ते दोन मिनिटांत परत येतं.

देवाच्या दाराचं उत्तर एवढं झटपट देता येत नाही.

आमच्या वडिलांनी एकदा आईची बोरमाळ सराफाकडे ठेवली होती. शाळेची फी, बियाणं, असंच काहीतरी कारण असणार. सुगी झाल्यावर ती सोडवायला जाताना मला सोबत नेलं. सराफाने आतून एक लाल कापडी पुरचुंडी आणली. तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती, त्यावर वडिलांचं नाव. वडिलांनी खिशातली पावती काढली, नोटा मोजल्या, सराफाने परत मोजल्या, आणि पुरचुंडी इकडे सरकली. वर्षभर ती बोरमाळ त्या तिजोरीत अंधारात पडून होती. तिने सुटण्यासाठी काय केलं? काही नाही. गहाण पडलेला दागिना स्वतःला सोडवत नसतो. ज्याचा आहे तो पावती घेऊन येतो.

मराठीत आपण किती सहज म्हणतो, माळ तारण ठेवली, माळ सोडवून आणली. आणि चर्चमध्ये तोच 'तारण' शब्द पापातून सुटका या अर्थाने ऐकला की त्याला एकदम पांढरा झगा घालतो. बायबलमधली सोडवणूक मुळात याच बाजारातली आहे. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात नियम आहे: भाऊबंद गरिबीने जमीन विकून बसला किंवा स्वतःच दुसऱ्याच्या दावणीला गेला, तर जवळच्या नातेवाइकाने मोल भरून सोडवावं. रूथच्या गोष्टीत बवाज हेच काम करतो, तेही वेशीवर, दहा वडीलधाऱ्यांच्या साक्षीने, अगदी व्यवहारासारखं. येशू म्हणतो की मी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो. (खंडणी म्हटलं की आपल्याला पेपरातली बिल्डरला फोन आल्याची बातमी आठवते. पण शब्द तोच आहे: कोणीतरी अडकलंय आणि कोणीतरी मोल भरतंय.) या सगळ्या गोष्टींत अडकलेला माणूस मोल भरत नाही. तुम्ही मात्र तिजोरीच्या आत बसून स्वतःची पावती फाडायला निघालात.

उधळ्या पुत्राची गोष्ट तुम्हाला पाठ असेल: वाटणी घेऊन गेलेला, सगळं उधळून डुकरं राखायची पाळी आलेला पोरगा घरी परततो. म्हणून ती सगळी सांगत नाही. त्यातली एक बारीक जागा दाखवते. लूकचा पंधरावा अध्याय उघडा आणि एकोणिसावं आणि एकविसावं वचन शेजारी शेजारी ठेवा. डुकरांपाशी बसून पोराने भाषण तयार केलंय. बाबा, मी पाप केलं. मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही. मला मोलकऱ्यासारखा ठेवा. घरी पोचल्यावर तो पहिली दोन वाक्यं म्हणतो. तिसरं राहतं. बाप त्याला तिथपर्यंत पोचूच देत नाही, नोकरांना हाका मारायला लागतो: झगा आणा, जोडे आणा, अंगठी आणा. ज्या बोटांनी बापाची कमाई उधळली त्याच बोटात अंगठी. मोलकरी ठेवला असता तर पोराने कदाचित पगारातून हप्ते भरले असते, तुमच्यासारखेच. बापाला तो सौदाच करायचा नव्हता.

आणि त्या आधीचं विसावं वचन. मूल दूर असतानाच बापाला त्याचा 'कळवळा' आला. मूळ ग्रीक क्रियापद निघालंय ते आतड्यांवरून. भाषांतर करणाऱ्यांना इंग्रजीत इथे फार कसरत करावी लागते. आपल्याला नाही. 'आतडं तुटलं' हे आपल्याकडे रोजच्या बोलण्यात आहे. मग तो म्हातारा धावला. गावच्या पाटलाने धोतराचा सोगा हातात धरून वेशीपर्यंत पळत जावं, सगळी आळी बघत असताना, तसं ते दृश्य आहे. पोराने अजून तोंड उघडलेलं नाही. पश्चात्ताप खरा आहे की पोटाच्या भुकेने आलाय, हे बापाने तपासलेलं नाही. मला विचाराल तर तो बराचसा भुकेनेच आला होता.

तर, देवाचं प्रेम बदलत नाही हे तुमच्या बाबतीतही खरं आहे का? हो. पण "बदलत नाही" याचा अर्थ देवाला काही वाटत नाही असा घेऊ नका. विलापगीत काढून बघा. यरुशलेम जळून बसलंय, रस्त्यात मुलं भुकेने मरतायत, आणि पाच अध्यायांच्या त्या रडण्याच्या बरोबर मधल्या अध्यायात तो रडणारा माणूस म्हणतो की देवाची दया रोज सकाळी नवी होते. हे तो राखेत बसून म्हणतो. शहर उभं राहिल्यावर म्हणत नाही.

तुम्ही आजीबद्दल लिहिलंय त्याकडे येते. ती केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, नर्स झाली, आणि या पाटल्या तिच्या पगाराच्या. पंडिता रमाबाईंनी ते घर मोठं केलं ते १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी. त्या मुलींकडे तारण ठेवायलाही काही नव्हतं. खुद्द रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म तेव्हा मिळाला, ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं गेली. एवढी विद्वान बाई, आणि तिला हे कबूल करायला लाज वाटली नाही. तुमच्या घरात तीन पिढ्या वचनं पाठ आहेत. पण तुम्हाला त्यांची स्वतःसाठी गरज पडली ती बहुधा आत्ता पहिल्यांदाच. म्हणून ती अनोळखी वाटतायत, एवढंच.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग पाळकसाहेब बरोबरच होते, विषय संपला. ते बरोबर होते, पण घाईत होते. शिवाय तुम्ही त्यांना मित्राची गोष्ट सांगितलीत, त्यांनी मित्राचं उत्तर दिलं.

जक्कयाकडे बघा. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी आधी जातो. सगळं गाव कुरकुरत असताना जातो. जक्कयाने तोवर एक दमडीही परत केलेली नाही. पैशाचं बोलणं नंतर निघतं, आणि तेही जक्कयाच काढतो: ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट देतो. नियमशास्त्रातला एरवीचा हिशोब मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा असा होता, गणनाच्या पाचव्या अध्यायात आहे. हा त्याच्या कितीतरी पुढे गेला. प्रेम मिळावं म्हणून त्याने परतफेड केली नाही. पाहुणा घरात बसलाय आणि आता खोटा हिशोब ठेवता येत नाही, म्हणून केली. तुमच्या पाटल्यांचीही परतफेड करायचीच आहे. फक्त ती देवाला नाही, आईला आणि भाचीला करायची आहे. तुम्ही पत्ता चुकलात.

म्हणून आता पाटल्या.

लिलाव झाला म्हणजे सगळं गेलं असं समजू नका. सोनं गहाण ठेवून कर्ज मिळतं ते सोन्याच्या किमतीपेक्षा कमी असतं, आणि तुम्ही पाटल्या ठेवल्यापासून सोन्याचा भाव कुठे गेला ते तुम्हालाही माहीत आहे. लिलावाच्या रकमेतून मुद्दल, व्याज आणि खर्च वजा जाता जे उरेल ते कर्जदाराला परत द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. लिलावाआधी सूचनाही द्यावी लागते. कर्ज देणाऱ्यांकडे लेखी अर्ज करा: लिलाव कधी झाला, कितीला गेला, खात्यावर काय वजा केलं, उरलं किती. पोच घ्या. उत्तर मिळालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट. बरेच लोक लाजेपायी पुन्हा त्या दारात जातच नाहीत आणि हक्काची रक्कम तशीच राहते.

आईला सांगावं की तशाच नव्या घडवाव्यात? तुमच्या बायकोला मी दोष देणार नाही. ती सासूच्या काळजीनेच बोलतेय. आईला रक्तदाबाचा त्रास आहे हेही लिहिलंय तुम्ही. पण तुम्हीच पत्रात सांगून बसलात की एका पाटलीला आतून चेप आहे. आजीची पाटली जात्याच्या खुंट्यात अडकली होती त्याचा. आणि आई प्रार्थनेला बसली की अंगठ्याने तो चेप चाचपत राहायची. असा चेप कुठला सराफ घडवून देणार? आणि समजा दिला. मग आई प्रार्थना करताना तुम्ही विकत घेतलेल्या खोट्या आठवणीवर अंगठा फिरवणार, आणि तुम्ही समोर बसून बघणार. चार महिन्यांत उलगडा होईल. झाला नाही तर जास्त वाईट.

सांगा. तब्येतीचं बघून, डॉक्टरांना विचारून, लग्नाच्या गडबडीच्या बऱ्याच आधी. रविवार नको, चर्चचं आवार नको. घरात, बायको शेजारी असताना. हातात एक कागद असू द्या: किती गेले, लिलावातून किती मिळू शकतात, महिन्याला मी किती बाजूला काढणार, डिसेंबरपर्यंत भाचीसाठी खरोखर किती उभं राहील. दोन तोळेच जमणार असतील तर दोनच लिहा. रडायला आलं तर रडा, पण रडून आईलाच तुमची समजूत घालायला लावू नका. "देवाने मला क्षमा केलीय" हे वाक्य तिच्यासमोर त्या दिवशी बिलकुल नको. ते खरं आहे, आणि त्या खोलीत ते वापरलं तर तिचं तोंड बंद करणारं आहे.

बहिणीला त्याच आठवड्यात सांगा, आईकडून कळू देऊ नका. ती भडकेल. भडकू द्या. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊही अंगणात रुसून उभा होता आणि त्याचं म्हणणं काही अगदीच खोटं नव्हतं. बाप त्याच्यासाठीही बाहेर आला. पुढे तो आत गेला की नाही, हे लूकने सांगितलेलं नाही. तुमची बहीण लग्नाच्या मांडवात तुमच्याशी बोलेल याची हमी मी देऊ शकत नाही.

प्रभुभोजनाचं राहिलं. अयोग्य रीतीने खाणाऱ्याबद्दल पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलंय, त्याची तुम्हाला भीती आहे. तो अध्याय आधीपासून वाचा. तिथे खातीपिती माणसं आधी येऊन जेवून घेत होती आणि गरीब उपाशी राहत होते, त्यावर तो चिडलाय. आणि पुढे म्हणतो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. खाऊ नये असं म्हणत नाही. हां, मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं वचन मात्र तुमच्याविरुद्ध जातं: दान वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. पण तिथेही माणूस वेदीपाशी पोचलेला आहे. तो उठतो, जातो, परत येतो. आठ महिने तलावाकाठी बसत नाही. पाळकसाहेबांना भेटा, या वेळी मित्राला घरी ठेवून.

आणि एक. येशूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने 'मी याला ओळखत नाही' असं तीनदा म्हटलं, तेव्हा तो कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता. नंतर किनाऱ्यावर येशू त्याला भेटतो, तिथेही योहानाने आपल्या शुभवर्तमानात मुद्दाम कोळशाचा विस्तव मांडलाय. त्याच्यावर मासे भाजतायत. तोच वास, तोच धूर, आणि तीनदा प्रश्न. पण त्याआधी न्याहारी. "या, जेवा." पेत्राची चौकशी उपाशीपोटी झाली नाही.

बोलायला सुरुवात कुठून करू, असं तुम्ही शेवटी विचारलंय. पाटल्यांपासून नको. या रविवारी दुपारी ताटावर बसल्यावर आई विचारेलच, आज वचन कुठलं होतं म्हणून. मोबाइल खिशातच राहू द्या. म्हणा, "आई, मी गेलो नव्हतो."